देवणीचा सातबारा आणि हिमालयातली जमीन

एप्रिल उजाडला, विहिरींनी तळ गाठला आणि पारा चाळिशीच्या वर सरकला की मराठवाड्यात थंड डोंगरांची आठवण निघू लागते. एकेकाळी ही आठवण उन्हाळी सहलीपुरती असे. आता तिच्यात जमिनीचा विषयही येतो. देवणी, उदगीर, निलंगा या भागातील एखादा तरुण शेतकरी किंवा निवृत्तीला टेकलेला शिक्षक सहज विचारून जातो, ‘येथील चार एकर विकून हिमाचलात सफरचंदाची एक एकर बाग घेतली तर काय बिघडले?’

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या जिल्ह्याला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील माणसाला हिमाच्छादित शिखरांखालची जमीन खुणावली तर त्यात नवल ते काय? मात्र हा निर्णय घेण्यापूर्वी तीन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. ती जमीन आपल्याला कायद्याने घेता येते का, घेतली तर ती काय पिकवते आणि तेथील मूळ रहिवासी ती का सोडून जात आहेत?

सातबारा तेथे चालत नाही

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, हे आपल्याकडे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. मराठवाड्यात यासाठी निजामकालीन राज्याच्या वारशातून आलेला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची असेल तर त्याला जिल्हाधिकाऱ्यांचे दार ठोठवावे लागते. त्यामुळे देवणीच्या शेतकऱ्याची स्वाभाविक समजूत अशी, की आपल्या नावे सातबारा आहे, आपण शेतकरी आहोत, तेव्हा देशात कोठेही शेत घ्यायला हरकत नसावी.

हिमाचल प्रदेशात ही समजूत पहिल्याच पायरीवर कोसळते. तेथील कुळवहिवाट व जमीनसुधारणा अधिनियम, १९७२ मधील कलम ११८ नुसार शेतकरी नसलेल्याच्या नावे जमीन हस्तांतरित होऊ शकत नाही. आणि या कायद्यात ‘शेतकरी’ म्हणजे हिमाचलातील जमीन स्वतः कसणारा. लातूर जिल्ह्यात पन्नास एकर बागायत असलेला माणूसही या व्याख्येत बसत नाही. एवढेच नव्हे, तर हिमाचलातच जन्मलेला, पिढ्यान्‌पिढ्या सिमल्यात दुकान चालवणारा, पण शेती नसलेला रहिवासीसुद्धा बिगरशेतकरीच ठरतो. म्हणजे हा भेद केवळ परप्रांतीय आणि स्थानिक असा नाही. तो कसणारा आणि न कसणारा असा आहे.

विक्रीबरोबरच बक्षीसपत्र, मृत्युपत्र, अदलाबदल, भाडेपट्टा आणि ताबेगहाण हे सारे मार्ग या कलमात अडवले आहेत. राज्य सरकारच्या परवानगीने घरासाठी मर्यादित जागा घेता येते, परंतु ती ठरलेल्या मुदतीत त्याच कारणासाठी वापरावी लागते. दलाल येथेच एक पळवाट पुढे करतात. ‘जमीन स्थानिकाच्या नावे ठेवू, तुमच्या नावे मुखत्यारपत्र करू,’ असे ते सांगतात. कायद्याने ही वाटही बंद केली आहे. बेनामी व्यवहार आणि ताबा देण्याच्या हेतूने केलेले मुखत्यारपत्र हेही हस्तांतरणच मानले जाते आणि चौकशीत ते सिद्ध झाले तर जमीन सरकारजमा होऊ शकते. पैसे गेले, जमीन गेली आणि दाद मागायला आधारही उरला नाही, अशी ती अवस्था असते.

उत्तराखंडाची वाट काही काळ सैल होती. तेथे २००३ मध्ये बाहेरच्यांवर ५०० चौरस मीटरची मर्यादा आली, २००७ मध्ये ती २५० चौरस मीटरवर आणली गेली. २०१८ मध्ये उद्योगांसाठी नियम बरेच शिथिल झाले आणि त्याविरुद्ध पहाडात असंतोष वाढत गेला. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये विधानसभेने कडक दुरुस्ती मंजूर केली. हरिद्वार आणि उधमसिंह नगर हे सपाटीचे दोन जिल्हे वगळता उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्या व्यक्तीला शेतीची वा फळबागेची जमीन घेता येत नाही. नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी एका कुटुंबाला एकदाच २५० चौरस मीटर घेता येतात आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपल्या हिशेबाने हे होतात अडीच गुंठे. तेथील मोजमापात एक ‘नाली’ म्हणजे साधारण दोनशे चौरस मीटर. म्हणजे सव्वा नालीत सारे स्वप्न बसवायचे.

जम्मू-काश्मीरमध्ये २०१९ नंतर बाहेरच्यांना जमिनीचे दार उघडले, असा सर्वत्र समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने तेथील जमीनविषयक कायदे बदलले, तरी शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते हे बंधन ठेवले. आणि शेतकरी कोण, तर त्या केंद्रशासित प्रदेशात जमीन कसणारा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बडगाम जिल्ह्यात महाराष्ट्र भवनासाठी अडीच एकर म्हणजे २० कनाल जागा घेण्याचा निर्णय केला, त्यावरून अनेकांच्या आशा पालवल्या. तथापि, एका राज्याने दुसऱ्या प्रशासनाकडून भवनासाठी जागा घेणे वेगळे आणि देवणीच्या शेतकऱ्याने अनंतनागला बाग घेणे वेगळे.

कायद्यामागचे भय

‘आपल्याच देशात आपल्याला जमीन का नाही,’ असा संताप येथे काहींना होईल. त्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास आठवावा. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले. सुप्याला भडकलेल्या या दंग्यांचे मूळ एकच होते. रोकड असलेल्याच्या हाती कसणाऱ्याची जमीन चालली होती. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला.

हिमाचलचे पहिले मुख्यमंत्री डॉ. यशवंतसिंह परमार यांच्या काळात १९७२ चा कायदा झाला, तेव्हा भय हेच होते. राज्याला पूर्ण दर्जा मिळाला २५ जानेवारी १९७१ रोजी. खाली पंजाब-दिल्लीचा पैसा, वर डोंगरातला अल्पभूधारक. हिमाचल आणि उत्तराखंड या दोन्ही राज्यांत सुमारे दोन तृतीयांश भूभाग नोंदीनुसार वनजमीन आहे. उरलेल्यात बर्फ, कडे आणि नद्यांची पात्रे. कसण्याजोगी जमीन मूठभर, तीही पिढ्यांनी उतार खोदून, दगडी बांध रचून केलेली. ती एकदा हॉटेलांसाठी आणि सुटीतल्या बंगल्यांसाठी गेली की पुन्हा निर्माण होत नाही. आपली काळी जमीन कोणी धनदांडग्याने विकत घेऊन पडीक ठेवली तर देवणीकरांना जे वाटेल, तेच तेथील माणसाला वाटते.

थंडी म्हणजे पाणी नव्हे

दुष्काळी भागातील माणसाच्या मनात थंड हवा आणि मुबलक पाणी यांचे नाते पक्के जुळलेले असते. वस्तुतः ते तसे नाही. लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. लेहमध्ये तो शंभर मिलिमीटरच्या आसपास आहे. लडाख हे थंड वाळवंट आहे. तेथील शेती पावसावर चालत नाही, हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर चालते. आणि ते पाणी पेरणीच्या वेळी हवे असताना येत नाही. म्हणूनच चेवांग नॉर्फेल यांनी हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी अडवून कृत्रिम हिमसाठे तयार केले आणि पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारले. आपल्याकडे शेततळे जे काम करते, तेच तेथे गोठवलेले पाणी करते.

जेथे पाऊस भरपूर आहे, त्या मध्य हिमालयातही पाणी थांबत नाही. उतारावरून ते पाहता पाहता खोऱ्यात उतरते. गाव डोंगरमाथ्यावर आणि नदी हजार फूट खाली, हे तेथील नित्याचे दृश्य. गावे जगतात ती झऱ्यांवर. निती आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने भारतीय हिमालयातील जवळपास निम्मे झरे आटत असल्याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी मे-जूनमध्ये सिमला शहरात पाण्यासाठी रांगा लागल्या आणि पर्यटकांनी येऊ नये असे आवाहन स्थानिकांनीच केले. लातूरची टंचाई २०१६ ची, सिमल्याची २०१८ ची. एक सहाशे मीटरच्या पठारावर, दुसरी दोन हजार मीटरच्या डोंगरावर. दोन्हीकडे धडा एकच होता, पडलेले पाणी मुरवले नाही तर उंचीमुळे कोणी वाचत नाही.

उतारावरची शेती

उंची वाढेल तसे तापमान घटते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. देवणीत ज्वारी, तूर, सोयाबीन आणि हरभरा असा खरीप-रब्बीचा फेरा घेणाऱ्याला तीन-साडेतीन हजार मीटरवर वर्षातून एकच पीक मिळते. मे महिन्यात पेरा, सप्टेंबरात काढणी आणि पुढचे सहा महिने घरात साठवलेल्या धान्यावर, चाऱ्यावर व सरपणावर निर्वाह. आपल्याकडे कडब्याची गंज उन्हाळ्यासाठी रचतात, तेथे गवताची गंज बर्फासाठी रचतात. नळाचे पाणी गोठते, नळ्या फुटतात. स्पितीच्या काझाला मनालीकडून जोडणारी कुंझुमची वाट हिवाळ्यात बंद होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यावर लाहौलची सहा महिन्यांची कोंडी सुटली. त्या नऊ किलोमीटरच्या बोगद्याचे मोल तेथील बाळंतिणीला विचारावे.

गुरांचेही तसेच. या तालुक्याचे नाव देशभर पोचवले ते देवणी गोवंशाने. पांढऱ्या अंगाचा बाळंक्या, काळसर तोंडाचा वानेरा आणि काळ्या ठिपक्यांचा शेवरा. दुधालाही बरी आणि ओढकामालाही दमदार अशी ही जात काळ्या, चिकट, जड रानासाठी आणि तळपत्या उन्हासाठी घडली आहे. डोंगरातल्या पायऱ्यांच्या शेतात चार-पाच पावले टाकली की बैलाला वळावे लागते. तेथे लागतो हलका, आखूड, कडेकपारीत चरणारा जीव. उत्तराखंडातील बद्री गाय अशीच लहानखुरी आहे. देवणीचा भारदस्त खोंड तेथे नेणे म्हणजे बैलालाही शिक्षा आणि बांधालाही. जात माणसाने निवडलेली असते, पण तिला घडवलेले असते मातीने.

सफरचंदाचे आकर्षण मोठे आहे. मात्र त्याचेही गणित आहे. डेलिशस गटातील जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालील थंडीचे हजाराहून अधिक तास लागतात. ते पुरे झाले नाहीत तर बहर विस्कटतो. हवामान तापत असल्याने हा पट्टा वर सरकतो आहे. कुल्लूच्या खालच्या भागात सफरचंदाची जागा डाळिंब घेत आहे आणि किन्नौर, लाहौलमध्ये नव्या बागा उभ्या राहत आहेत. डाळिंबाच्या मराठी बागायतदाराने या बदलाकडे लक्ष द्यावे. फळ घ्यायला माणूस डोंगर चढतो आहे आणि डोंगर त्याच वेळी त्याच्या ओळखीचे फळ लावतो आहे.

याच्या उलट घडलेली गोष्टही आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील उष्ण भागात हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी ‘एचआरएमएन-९९’ ही सफरचंदाची जात निवडली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या प्रदेशांतही ही जात लावून पाहिली जात आहे. तिचे फळ काश्मिरी सफरचंदाशी बाजारात किती टक्कर देईल, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या रानात दोन-चार झाडे लावून करावा. पण एवढे खरे, की सफरचंद लावण्यासाठी आता घर सोडलेच पाहिजे असे नाही.

घर कशावर उभे राहणार?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर जिल्हा विसरू शकत नाही. किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर उन्हापासून बचाव करणारे मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात सुख देणारे तेच घर हादरताच समाधी ठरले. किल्लारीचा भूकंप अनपेक्षित होता, कारण हे पठार स्थिर मानले जात होते. हिमालयाबाबत असा भ्रम कोणीच बाळगू नये. तो जगातील तरुण आणि आजही उचलला जाणारा पर्वत आहे. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याच्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे गेली.

तेथील पूर्वजांनी यावर उत्तर शोधले होते. दगडाच्या थरांमध्ये देवदाराच्या तुळया आडव्या गुंफून बांधलेली काठकुणी पद्धतीची घरे हादरा बसला की डोलतात, पण सहजासहजी ढासळत नाहीत. भिंतीत चुना-सिमेंट नसूनही शतकानुशतके ती उभी आहेत. आज बाहेरून आलेला माणूस सपाटीवरचा नकाशा घेऊन येतो, उतार कापतो, खांबांवर चार मजली स्लॅब टाकतो आणि खिडकीतून दरीचे दृश्य पाहतो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची घरे तडकली, त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात पावसाने इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या आणि ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशीतील धराली गावावर गाळाचा लोंढा आला. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या महाराष्ट्राला उतार म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ओढ्याच्या जुन्या पात्रात, कापलेल्या उताराच्या पायथ्याशी आणि स्थानिकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या ठेवलेल्या जागी घर बांधू नये, हा नियम पुस्तकात नसला तरी गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ असतो.

जे सोडून गेले

आपण जेथे जाऊ पाहतो, तेथील माणसे कोठे चालली आहेत? उत्तराखंड सरकारने २०१७ मध्ये पौडी येथे स्थलांतर आयोग नेमला. त्याच्या २०१८ च्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे-वस्त्या ओस पडल्या. स्थलांतराच्या कारणांत सुमारे निम्मा वाटा रोजगाराचा होता. त्याखालोखाल शिक्षण आणि आरोग्यसेवा. दारांना कुलपे, अंगणात वाढलेली खाजकुइली आणि पायऱ्यांच्या शेतांत रानडुकरे. डोंगराचे पाणी आणि डोंगराचे तारुण्य डोंगराच्या कामी येत नाही, अशी तेथील म्हण आहे.

ही यादी देवणीकराला ओळखीची वाटेल. शिकलेला मुलगा पुण्याला, भाऊ हैदराबादला, गावात आई-वडील आणि शेत बटईने. म्हणजे ज्या कारणांनी आपण घर सोडू पाहतो, त्याच कारणांनी डोंगरातला माणूसही घर सोडतो आहे. फरक इतकाच, की त्याची शाळा आणि दवाखाना आपल्यापेक्षा एक घाट पलीकडे आहे.

ओस पडलेली जमीन म्हणजे बेवारस जमीन, असेही समजू नये. उत्तराखंडात ‘गोल खाते’ ही मोठी अडचण आहे. पणजोबांच्या नावावर असलेल्या खात्याची वाटणी झालेली नसते, हिस्सेदार दिल्ली-मुंबईत विखुरलेले असतात आणि एकाने विकलेल्या तुकड्यावर दहा वर्षांनी दुसरा येऊन उभा राहतो. शिवाय गवत, सरपण, पाणी आणि वाट यांचे हक्क सामायिक असतात. १९३१ पासून चालत आलेल्या वनपंचायती त्यांचे नियमन करतात. खरेदीखतात चार सीमा लिहिल्या जातात, पण झऱ्याच्या पाण्याची पाळी लिहिलेली नसते. ती गावाने द्यावी लागते.

परका माणूस रुजला कसा

बाहेरचा माणूस डोंगरात रुजूच शकत नाही, असे मात्र नाही. सॅम्युएल स्टोक्स हा फिलाडेल्फियाच्या संपन्न घरातील तरुण १९०४ मध्ये भारतात आला. कुष्ठरुग्णांची सेवा करता करता तो सिमल्यापलीकडे कोटगढला पोचला, तेथील मुलीशी लग्न करून स्थायिक झाला, पहाडी बोली शिकला. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतून आणलेली सफरचंदाची रोपे लावली आणि आपल्यापुरती न ठेवता शेजाऱ्यांना वाटली. डोंगरातल्या लोकांना गोऱ्या साहेबांची ओझी फुकट वाहायला लावणाऱ्या बेगारीविरुद्ध त्याने लढा उभारला, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगला. पुढे तो सत्यानंद स्टोक्स झाला. हिमाचलच्या सफरचंदाचा आज जो पसारा दिसतो, त्याच्या मुळाशी हा परका माणूस आहे. डोंगराने त्याला आपला मानले याचे कारण त्याच्या नावावरची जमीन नव्हे. गावाच्या ओझ्याखाली त्याने आपला खांदा दिला होता.

मग करावे काय?

ज्यांना खरोखरच जावेसे वाटते, त्यांनी क्रम उलटा लावावा. आधी राहणे, मग घर आणि जमिनीचा विचार सर्वांत शेवटी. एखाद्या गावात भाड्याने खोली घेऊन एक पूर्ण हिवाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढावा. मे महिन्यात पाहिलेला डोंगर आणि जानेवारीतला डोंगर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. जवळचा दवाखाना किती तासांवर आहे, रस्ता वर्षातून किती दिवस बंद असतो, उन्हाळ्यात झऱ्याला किती पाणी उरते, हे कागदावर नव्हे तर अंगावर अनुभवावे. नंतरही घर हवेच असेल तर राज्याच्या कायद्यात बसणारी परवानगी घेऊन, जमाबंदी आणि खतौनीचे उतारे स्थानिक वकिलाकडून तपासून, हिस्सेदारांच्या सह्या घेऊनच पुढे जावे. मुखत्यारपत्राची वाट दाखवणाऱ्याला नमस्कार करून उठावे.

सर्वांत महत्त्वाचे, येथील शेवटचा गुंठा विकू नये. महाराष्ट्रातील सगळी जमीन विकली की शेतकरी ही कायदेशीर ओळखच धोक्यात येते. हिमाचल तर आपल्याला शेतकरी मानतच नाही. म्हणजे देवणीत शेतकरी नाही आणि कुल्लूतही नाही, अशी त्रिशंकू अवस्था व्हायची. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी डोंगरातून परतावे लागले तर परत यायला बांध उरलेला असावा.

आणि ज्यांच्या मनात डोंगराची ओढ केवळ पाण्यापोटी आहे, त्यांच्यासाठी उत्तर अधिक जवळ आहे. लडाखी माणूस शंभर मिलिमीटरच्या प्रदेशात बर्फाचा थेंब न्‌ थेंब अडवून जव पिकवतो. आपल्याकडे त्याच्या सात-आठ पट पाऊस पडतो आणि मांजरेतून वाहून जातो. हिमालयाकडून घ्यायचेच असेल तर त्याची जमीन घेण्यापेक्षा ही काटकसर घ्यावी. तिला कलम ११८ ची परवानगी लागत नाही आणि ती येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या शिवारात सुरू करता येते.